रीफर गाडीतला ताजा माल आणि नासाडीचे दावे : नव्या वाहतूकदारांसाठी मार्गदर्शक

रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेल्या गाडीतून फळे-भाज्या नेण्याच्या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस भाडे, डिझेल आणि अंतर यांचा हिशेब पहिल्याच दिवशी शिकतो. माल पोहोचल्यावर घेणाऱ्याने तो खराब ठरवला तर काय करायचे, हे मात्र बहुतेकांना पहिला दावा हातात पडल्यावर कळते. तोपर्यंत बचावाची बरीचशी साधने हातातून गेलेली असतात, कारण दाव्याचा निकाल ज्या पुराव्यांवर लागतो ते उतराईच्या ठिकाणी नव्हे, तर भराईच्या डॉकवर (माल चढवण्याच्या फलाटावर) तयार होतात. म्हणून या लेखात भराईच्या टप्प्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

यंत्र काय करू शकते आणि काय नाही

गाडीवरचे रीफर यंत्र आधीच थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी बनवलेले असते. गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. शेतातून आलेल्या मालातली उष्णता काढणे हे पॅकहाऊसमधल्या प्रीकूलिंगचे काम आहे. तेथे खोक्यांच्या आतून जोराने हवा ओढतात, थंड पाण्याचा मारा करतात किंवा पालेभाज्यांसाठी निर्वात कक्ष वापरतात. गाडीतली हवा पॅलेटच्या, म्हणजे फळीवर एकत्र रचलेल्या खोक्यांच्या, भोवतून फिरते, खोक्यांच्या मध्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. शिवाय काढणीनंतरही फळे-भाज्या श्वसन करतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. ब्रोकोली, मक्याची कणसे, स्ट्रॉबेरी यांचे श्वसन मुळातच वेगवान असते, तर कांदा-बटाट्याचे संथ.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की एक अंशाला न्यायचा माल नऊ अंशांना गाडीत चढला, तर यंत्राच्या पडद्यावर अख्खा प्रवासभर एक अंश दिसत राहील, बाहेरची खोकी गार लागतील, आणि पॅलेटच्या पोटातला माल मात्र मऊ पडून पोहोचेल. यंत्रात काहीही बिघाड नसताना दावा वाहतूकदारावर येतो.

कायद्याचा कलही सुरुवातीला वाहतूकदाराच्या विरोधात असतो. अमेरिकेत १९०६ च्या कारमॅक कायदादुरुस्तीनुसार माल चांगल्या स्थितीत दिला होता, तो खराब पोहोचला आणि अमुक इतके नुकसान झाले, एवढे दावेदाराने दाखवले की चेंडू वाहतूकदाराच्या कोर्टात येतो; त्याला स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता हे आणि नुकसान मालाच्या अंगभूत दोषामुळे किंवा पाठवणाऱ्याच्या कृतीमुळे झाले हेही सिद्ध करावे लागते. युरोपातल्या देशोदेशींच्या रस्ते वाहतुकीला लागू होणारा १९५६ चा सीएमआर करार नाशवंतपणाचा बचाव मान्य करतो. मात्र गाडी शीतयंत्राची असेल, तर यंत्रणेची निवड, देखभाल आणि वापर यांत आवश्यक ती सर्व काळजी घेतली आणि मिळालेल्या विशेष सूचना पाळल्या, हे वाहतूकदाराने दाखवावे, अशी अट तो घालतो. तुम्ही कोणत्याही देशात गाडी चालवत असलात, तरी निवड, देखभाल, वापर आणि सूचना या चार बाबींची कागदपत्रे तयार ठेवलीत, की बचावाचा मोठा भाग उभा राहतो.

खेप स्वीकारण्यापूर्वी

सूचना लेखी घ्या. फोनवर सांगितलेले तापमान वादाच्या वेळी कोणालाच आठवत नाही. लेखी सूचनेत मालाचा प्रकार, सेटपॉइंट (यंत्रावर लावायचे तापमान), तो सेल्सिअसमध्ये की फॅरेनहाइटमध्ये, यंत्र सतत चालू ठेवायचे की थांबून-थांबून, ताज्या हवेची झडप उघडी ठेवायची की बंद, आणि भराईच्या वेळी मालाच्या गराचे तापमान किती असणे अपेक्षित आहे, हे सारे असले पाहिजे. एककाचा आग्रह क्षुल्लक नाही : शून्य अंश सेल्सिअस हे द्राक्षांसाठी योग्य तापमान आहे, तर शून्य अंश फॅरेनहाइट म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस, ज्यात अख्खी खेप गोठून दगड होते. ताज्या मालासाठी यंत्र सतत चालू ठेवण्याची पद्धतच योग्य. थांबून-थांबून चालवल्याने डिझेल वाचते, पण यंत्र थांबले की हवा फिरायची थांबते आणि पॅलेटच्या आतली श्वसनाची उष्णता तिथेच साठते.

तुम्हालाही मालाची ढोबळ माहिती हवी, म्हणजे चुकीची सूचना आली तर ती ओळखता येईल. द्राक्षे, स्ट्रॉबेरी, ब्रोकोली, लेट्यूस यांना शून्याच्या आसपासचे तापमान लागते. काकडीला साधारण १० ते १२ अंश, तर केळी आणि हिरवे टोमॅटो यांना १३ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. याहून थंडीत ठेवलेल्या केळ्याची साल काळपट-राखाडी पडते आणि टोमॅटो नीट पिकत नाही. विशेष म्हणजे शीतइजा बहुधा माल पुन्हा उबेत आल्यावर दिसू लागते, त्यामुळे ती नेमकी कोणाच्या ताब्यात असताना झाली हे ठरवताना नोंदींखेरीज दुसरा आधार उरत नाही. लेट्यूसचा गोठणबिंदू उणे ०.२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे शून्याला नेताना चुकीला जागा जवळजवळ नाहीच.

मिश्र खेपेबाबत सावध राहा. सफरचंद, केळी, खरबूज, टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याच बंद डब्यात ब्रोकोली पिवळी पडते, लेट्यूसवर तांबूस ठिपके येतात आणि गाजर कडवट होते. तापमानाच्या किंवा इथिलीनच्या दृष्टीने न जुळणारा माल एकत्र भरण्याचा आग्रह पाठवणाऱ्याने धरलाच, तर तसा आदेश लेखी मागावा. पुष्कळदा तो मागितल्याबरोबर आग्रह मावळतो.

गाडीची तयारी

डबा धुतलेला, कोरडा आणि वासरहित असावा; धुलाईची पावती जपावी आणि आधी कोणता माल नेला होता त्याची नोंद ठेवावी. यंत्राची स्वयंचाचणी चालवून तिचा निकाल छापून किंवा छायाचित्र काढून ठेवावा. दरवाजांची रबरी सील तपासण्याची सोपी रीत म्हणजे एकाने बाहेर थांबून दुसऱ्याला आत ठेवून दारे लावावीत. उजेडाची रेघ जिथे दिसते तिथून थंडावा गळतो. छताखालून मागेपर्यंत हवा नेणारी कापडी नळी फाटलेली किंवा सुटलेली नसावी, पुढच्या भिंतीतली परतीच्या (डब्यात फिरून यंत्राकडे येणाऱ्या) हवेची जाळी प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी झाकली गेलेली नसावी, आणि जमिनीतली पाणी वाहून जाण्याची छिद्रे साफ असावीत. रीफरची डिझेल टाकी ट्रकच्या टाकीहून वेगळी असते, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही. ती भरून पावती ठेवा, कारण डिझेल संपून यंत्र बंद पडल्यास त्याचे खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही.

भराईपूर्वी रिकामा डबा सेटपॉइंटपर्यंत थंड करावा, म्हणजे भिंती आणि जमीन यांच्यात साठलेली उष्णता मालात उतरत नाही. यंत्रातले घड्याळही बरोबर लावा. नोंदींमधली वेळ तासाभराने चुकलेली असेल, तर पुढे विमा सर्वेक्षक सगळ्याच नोंदीकडे संशयाने पाहतो.

भराई : मोजा, मग चढवा

डॉकला गाडी लावल्यावर दारे उघडण्यापूर्वी यंत्र बंद करावे. दारे उघडी असताना ते चालू ठेवले, तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, यंत्रातल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ साचतो आणि प्रवासाच्या सुरुवातीलाच यंत्राची ताकद घटते. एखाद्या ठिकाणी डॉकवरचे लोक उलट सांगतील. डॉक बंदिस्त आणि थंड असेल तर फरक कमी पडतो, उघड्या डॉकवर मात्र या नियमाला फाटा देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. सुईचा थर्मामीटर घेऊन मालाच्या गराचे तापमान स्वतः मोजा. बंदुकीसारखे इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग वाचते, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचे तापमान कोणत्याही दाव्यात उपयोगी पडत नाही. सुईचा थर्मामीटर बरोबर आहे का, हे बारीक बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात बुडवून पाहावे. काटा शून्यावर यायला हवा, आणि ही चाचणी केल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. फळात सुई खुपसण्यापूर्वी पाठवणाऱ्याच्या माणसाची परवानगी घ्या, प्रत्येक वेळी सुई पुसून घ्या आणि टोचलेले फळ परत खोक्यात टाकू नका.

सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा पॅलेटमधून नमुने घ्यावेत, आणि प्रत्येक पॅलेटमध्ये एक नमुना कडेच्या खोक्यातून आणि एक जितके आत पोहोचता येईल तितक्या आतून घ्यावा. कडेचा आकडा चांगला आणि आतला वाईट, अशी स्थिती अपूर्ण प्रीकूलिंगची खूण असते. एकच आकडा सांगून "सगळे याच तापमानाचे आहे" असे आश्वासन देणाऱ्यावर विसंबू नका. मोजताना माल डोळ्यांनीही पाहा : खोक्यांच्या तळाशी ओल, बुरशीचे ठिपके, कोमेजलेले देठ, जास्त पिकलेली फळे, दबलेले कोपरे. काढणीला किती दिवस झाले हे खोक्यावरील तारखेवरून कळत असेल तर तिचे छायाचित्र घ्या. शीतगृहात बराच काळ पडून राहिलेला माल योग्य तापमानाला चढला आणि योग्य तापमानाला पोहोचला, तरी त्याचे उरलेले आयुष्य कमीच असते.

माल अपेक्षेपेक्षा गरम निघाला तर भराई थांबवा आणि ज्याने तुम्हाला या खेपेचे काम दिले त्या खेप देणाऱ्याला तिथूनच फोन करून लगेच लेखी संदेशही पाठवा. पुढे तीन वाटा असतात : माल पुन्हा शीतगृहात जाऊन थंड होऊन येईल, खेप रद्द होईल, किंवा "आहे तसा न्या" असा लेखी आदेश मिळेल. तिसऱ्या वाटेने जाताना बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) मोजलेले आकडे लिहिल्याशिवाय निघू नये. भराईवाल्यांची घाई, मागे रांगेत उभ्या गाड्या आणि "नेहमीच असे असते" हे वाक्य, या तिन्हींचा दबाव नवख्या चालकावर येतो. पण थांबलेल्या तासाची किंमत नाकारलेल्या खेपेपेक्षा नेहमीच कमी असते.

रचनेबद्दल थोडक्यात : माल बाजूच्या भिंतींना चिकटू नये, छताखालच्या हवेच्या नळीला किंवा भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर जाऊ नये आणि मागच्या दाराला टेकू नये. परतीच्या जाळीसमोर मोकळी जागा हवी. वाटेत पॅलेट सरकून या फटी बुजू नयेत म्हणून अडकण लावावी. रचना पूर्ण झाल्यावर दारातून आतला एक फोटो घ्या.

बिल्टीवर काय लिहायचे

कोरी सही म्हणजे माल वरकरणी चांगल्या स्थितीत मिळाल्याची कबुली. म्हणून सहीच्या आधी शेरा. तो मोघम नसावा, "माल गरम वाटला" या शेऱ्याने काही साधत नाही, तर "पॅलेट ३, मधले खोके, गर ८.५ अंश सेल्सिअस, पॅलेट ११, कडेचे खोके, ४ अंश, सूचना १ अंश" असा शेरा पुढे दाव्याची दिशाच बदलतो. सेटपॉइंट, सतत चालू ठेवण्याची सूचना, बंद दारावर लावलेल्या मोहोरेच्या सीलचा क्रमांक, भराई सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ ही माहितीही बिल्टीवर यावी, आणि तो शेरा पाठवणाऱ्याच्या प्रतीवरही उमटला पाहिजे. फक्त आपल्या प्रतीवर नंतर लिहिलेला मजकूर संशयाला आमंत्रण देतो.

काही ठिकाणी चालकाला डॉकवर जाऊ देत नाहीत, किंवा गाडी आधीच भरून सील केलेली मिळते. अशा वेळी "भराई व मोजणी पाठवणाऱ्याची, चालकाला माल तपासू दिला नाही, तापमान मोजलेले नाही" असे लिहावे. पाठवणाऱ्याने असा शेरा लिहिण्यास मनाई केली, तर निघण्यापूर्वी तोच मजकूर वेळेसह संदेशाने खेप देणाऱ्याला पाठवावा. पाठवणाऱ्याने मालात डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारे छोटे उपकरण) ठेवला असल्यास त्याचा क्रमांक आणि तो कोणत्या पॅलेटवर आहे हेही टिपून घ्या. ते कशासाठी, हे पुढे येईल.

प्रवासात

प्रत्येक थांब्यावर पडद्यावरचे सेटपॉइंट, पुरवठ्याच्या (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या) हवेचे आणि परतीच्या हवेचे तापमान वहीत लिहा. यंत्र स्वतः नोंद ठेवत असले, तरी हाताने लिहिलेली वही चालक जागरूक होता हे दाखवते. सेटपॉइंट स्वतःच्या अंदाजाने बदलू नका. माल गरम वाटतो म्हणून सूचनेपेक्षा दोन अंश खाली नेणे हा नवख्यांचा आवडता उपाय. त्याने मधला गरम माल थंड होत नाहीच, उलट हवेच्या तोंडाशी असलेली वरची खोकी गोठतात आणि मूळ चूक पाठवणाऱ्याची असूनही दोष आपल्या अंगावर येतो.

यंत्रात बिघाड झाला तर वेळ, बिघाडाचा संकेतांक आणि त्या क्षणाचे तापमान टिपून खेप देणाऱ्याला ताबडतोब कळवा, जवळचा दुरुस्तीवाला आणि जवळचे शीतगृह दोन्ही शोधायला लागा, आणि दारे उघडू नका. अपघात, बंद रस्ता किंवा उतराईच्या ठिकाणी तासन्‌तास रांग यांमुळे उशीर होत असेल, तर तोही लगेच लेखी कळवावा. पोहोचल्याची वेळ फाटकावर नोंदवून घ्यावी, कारण रांगेत गेलेला वेळ नंतर वाहतुकीतला उशीर म्हणून दाखवला जाऊ शकतो.

उतराई आणि नकार

सील घेणाऱ्याच्या माणसासमोरच तोडावे आणि त्याचा क्रमांक त्याच्याकडून लिहून घ्यावा. उतराई सुरू होण्यापूर्वी दारातल्या पॅलेटचे आणि उतरताना मधल्या व पुढच्या पॅलेटचे गराचे तापमान मोजा. उतरवलेला माल उघड्या डॉकवर पडून राहिल्यानंतर घेतलेले मोजमाप मान्य करू नका. उतरल्याची आणि मोजल्याची, दोन्ही वेळा लिहा.

नकार आला तर प्रथम शांत राहा आणि नेमके कारण लेखी मागा : किती खोकी, कोणता दोष, किती तापमान, कुठे मोजले. बाजारभाव उतरले की घेणारे अचानक चोखंदळ होतात, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. नेमके आकडे मागितल्यावर संपूर्ण नकाराचा काही वेळा थोड्याच खोक्यांपुरता वाद उरतो. त्याच वेळी खेप देणाऱ्याला कळवा, विमा कंपनीला कळवा, आणि स्वतंत्र निरीक्षकाकडून तपासणी मागा. जिथे सरकारी निरीक्षण उपलब्ध असेल तिथे त्याला प्राधान्य द्या. माल नासका असला तरी कोणाच्या तोंडी सांगण्यावरून तो फेकू नका किंवा विकूही नका. नुकसान कमी ठेवण्याची जबाबदारी सर्वांवर असते, म्हणून चांगला भाग वेगळा काढून विकण्याची लेखी परवानगी मागावी. विक्रीच्या पावत्या आणि फेकलेल्या मालाचा दाखला जपावा. निर्णय होईपर्यंत यंत्र चालू आणि दारे बंद.

गाडीतले तापमान कुठे बिघडले, यावरून कारण ओळखणे

हा भाग नीट समजून घेतला, तर निरीक्षकाशी आणि दावेदाराशी बोलताना तुम्ही निव्वळ नकार देण्यापलीकडे जाऊ शकता. बिघाड गाडीत कुठे दिसतो, यावरून तो कशाने झाला हे बऱ्याच अंशी कळते. सर्व पॅलेटच्या कडा गार, मध्य गरम आणि यंत्राच्या नोंदीत परतीची हवा प्रवासभर हळूहळू खाली येताना दिसत असेल, तर माल गरमच चढला होता. फक्त मागच्या दाराजवळचा माल गरम असेल, तर हवेची नळी सुटली, दाराचे रबरी सील गळत होते किंवा रचनेने हवा अडवली, आणि हे तिन्ही दोष बहुधा वाहतूकदाराकडे येतात. पुढची, वरची खोकी गोठली असतील, तर पुरवठ्याची हवा फार थंड होती; परतीच्या हवेवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रात सेटपॉइंट शून्याजवळ असला की हे घडू शकते. भिंतीला टेकलेल्या खोक्यांचीच बाहेरची बाजू तापली किंवा गोठली असेल, तर रचना चुकली. सगळीकडे सारखेच तापमान वाढले आणि पुरवठ्याची हवाही गरम असेल, तर यंत्र बंद पडले होते. आणि तापमान सर्वत्र योग्य असून तुरळक खोक्यांत बुरशी किंवा अतिपक्व फळे असतील, तर संशय काढणीवर, प्रतवारीवर किंवा मालाच्या वयावर जायला हवा.

डेटा लॉगरचा आलेखही असाच वाचावा. लॉगर भराईपूर्वी गरम डॉकवर सुरू केला असेल, तर पहिल्या तासांतले उंच आकडे गाडीचे नसतात. शेवटच्या पॅलेटवर, दाराला लागून ठेवलेला लॉगर दारे उघडताच बाहेरची हवा मोजतो. परतीच्या हवेत ठरावीक अंतराने दिसणारे छोटे, लगेच ओसरणारे उंचवटे हे डिफ्रॉस्टचे, म्हणजे यंत्र कॉइलवरचा बर्फ वितळवते त्या वेळचे, असतात. त्या थोड्या वेळात मालाच्या गराचे तापमान फारसे हलत नाही. म्हणून लॉगरचा एकच आलेख समोर ठेवून मागितलेल्या भरपाईला उत्तर देताना यंत्राची संपूर्ण नोंद, बिल्टीवरचे गराचे आकडे आणि लॉगरची जागा हे तिन्ही सोबत जोडावे.

कागद, मुदती आणि विमा

खेप संपल्याबरोबर यंत्राची नोंद उतरवून घ्या, कारण जुनी नोंद काही काळाने नव्या नोंदीखाली पुसली जाते. बिल्टी, छायाचित्रे, संदेश, डिझेल आणि धुलाईच्या पावत्या, देखभालीची बिले हे सारे खेपेगणिक एका जागी ठेवावे. ते किती काळ ठेवायचे हे दाव्याच्या मुदतीवर अवलंबून असते. सीएमआर करारात बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची हरकत माल मिळाल्यापासून रविवार व सुट्या वगळून सात दिवसांत लेखी नोंदवावी लागते. अमेरिकेत कारमॅकखाली दावा दाखल करण्यासाठी नऊ महिन्यांपेक्षा कमी मुदत ठेवता येत नाही. भारतात २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. दावा आला की त्याची पोच द्या, पण जबाबदारी मान्य करणारे एकही वाक्य विमा कंपनीशी बोलण्यापूर्वी लिहू नका.

मालाच्या साध्या विम्यात रीफरच्या बिघाडाने झालेली नासाडी आपोआप येतेच असे नाही. बहुधा ती वेगळी जोडावी लागते. जोडल्यावरही अनेक पॉलिसींत डिझेल संपणे, सेटपॉइंट चुकीचा ठेवणे आणि देखभालीच्या नोंदी नसणे या कारणांसाठी भरपाई नाकारण्याची तरतूद असते, म्हणून अपवादांचे पान सही करण्यापूर्वी वाचावे.

भाड्याचे बिल आणि दावा हे दोन वेगळे व्यवहार म्हणून हाताळा. दाव्याची रक्कम भाड्यातून परस्पर कापून घेण्याचा प्रयत्न अनेकदा होतो. वाहतुकीच्या करारातच अशी वजावट तुमच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही, असे कलम घालून घ्यावे. ते नसल्यास पूर्ण भाड्याचे बिल वेळेवर पाठवून वजावटीला लेखी हरकत नोंदवावी आणि दाव्याचे उत्तर वेगळ्या पत्राने द्यावे.